कारंजाचा काटा आणि पेरूची कॉफी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना जे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं जसंच्या तसं.

सुरुवात एका पाकिटापासून. माझा मावसभाऊ जर्मनीत असतो. दिवाळीला आला तेव्हा कॉफीचं एक पाकीट घेऊन आला. त्यावर एक गोल निळा-हिरवा शिक्का आणि बारीक अक्षरात लिहिलेलं: पेरू देशातल्या छोट्या शेतकऱ्यांची, सेंद्रिय, अरेबिका, फेअर ट्रेड. आमच्या घरी चहाच चालतो, तोही चांगला उकळलेला. आईने पाकीट उलटसुलट करून बघितलं, मला शिक्क्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, शेतकऱ्याला रास्त भाव देऊन घेतलेली कॉफी. ती म्हणाली, "म्हणजे बाकीची सगळी लुबाडून आणतात का?"

या प्रश्नाचं सरळ उत्तर मला देता आलं नाही, म्हणून हा भाग.

आता तुम्ही म्हणाल, वाशिममध्ये बसून पेरूच्या कॉफीवर कशाला बोलतोस भाऊ? एक तर कॉफी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला, हजार मीटरच्या वर कॉफीची झाडं आहेत. इंग्रज तिथे हवा खायला जायचे, त्या काळापासूनची ही हौस. पण ती गोष्ट छोटी आहे, तिच्यावर कधीतरी वेगळा भाग करू. खरं कारण दुसरं आहे. "शेतकऱ्याच्या मालाचा भाव कोण ठरवणार?" हा जो प्रश्न त्या पाकिटावरच्या शिक्क्यामागे आहे, त्याच्या इतिहासातलं एक महत्त्वाचं पान आपल्या कारंजात आहे. होय, कारंजा लाड. गुरुमंदिराचं कारंजा. तिथूनच सुरू करू.

साल १८८६. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचं, पण १८५३ च्या तहानंतर कारभार इंग्रजांकडे. हुकूम सुटायचे ते हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटच्या नावाने. अशाच एका आदेशाने कारंजात कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. भारतातला हा पहिला नियंत्रित बाजार मानतात. आज देशभर ज्या हजारो कृषी उत्पन्न बाजार समित्या आहेत, जिथे तुमचे बाबा सोयाबीन घेऊन जातात आणि जिथे कधी कधी भांडून परत येतात, त्या सगळ्यांची पणजी म्हणजे हा कारंजाचा बाजार. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी हे वाक्य पाठ केलेलं असतं. पण पुस्तकात पुढचा प्रश्न नसतो: हा बाजार नेमका कोणासाठी काढला?

त्यासाठी पंचवीस वर्षं मागे जावं लागेल. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतून इंग्लंडला जाणारा कापूस बंद झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांचे चाते थांबले, कामगारांच्या घरी चुली थंडावल्या. मग सगळ्यांची नजर वळली ती हिंदुस्थानकडे, आणि त्यातही वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे. भाव असे चढले की जो तो कापूस पेरायला लागला. १८६५ ला युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत आला आणि भाव कोसळले. मुंबईतल्या बँका आणि शेअर बाजार बुडाले ही गोष्ट पुस्तकांत येते. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं काय झालं याला मात्र एखादी ओळ मिळाली तरी नशीब.

पण कापूस काही थांबला नाही. १८६९ ला सुएझचा कालवा उघडला. १८७० ला खामगावला रेल्वेचा फाटा आला, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर. तारायंत्रामुळे लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडात कळायला लागला. कळायला लागला म्हणजे व्यापाऱ्याला. शेतकऱ्याकडे तो पोहोचायचा दोन-तीन हातांतून गाळून.

आणि इथे मँचेस्टरवाल्यांची तक्रार सुरू झाली. माल शुद्ध नाही. रुईत सरकी राहते, पाला राहतो, वजन वाढवायला पाणी मारतात, लांब धाग्यात आखूड धागा मिसळतात. तक्रार खोटी नव्हती. मुंबई सरकारने तर १८६३ लाच कापसातल्या फसवणुकीविरुद्ध कायदा केला होता. पण भेसळ कोण करत होतं? थोडी शेतकरी, बरीचशी मधली साखळी. म्हणून उपाय निघाला की खरेदी-विक्री एका ठरलेल्या जागी व्हावी, नजरेखाली व्हावी. कारंजाचा बाजार याच हेतूने आला: मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस वाजवी भावात मिळावा.

हे वाक्य जरा थांबून ऐका. वाजवी भाव, पण घेणाऱ्यासाठी.

पुढे १८९७ ला वऱ्हाडात कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. दलालांना, मापाऱ्यांना परवाने लागू झाले, बाजारावर देखरेखीला समिती नेमायची ठरलं. काही चांगलं निश्चित झालं, उगाच नाकारायला नको. काटा कोणाचा हे ठरलं, दलाली उघड झाली. पण समितीत बसले कोण? मुख्यतः व्यापारी. ज्याने कापूस पिकवला त्याला तिथे खुर्ची नव्हती. १९२८ मध्ये लिनलिथगो यांच्या शेती आयोगाने आपला अहवाल दिला, त्यात वऱ्हाडच्या बाजारांमधल्या या उणिवेवर बोट ठेवलंय. त्याआधी एक वर्ष, १९२७ ला, मुंबई इलाख्याने कापूस बाजाराचा कायदा केला तेव्हा कुठे शेतकऱ्यांचे प्रतिनिधी समितीत आले. कारंजाच्या आदेशानंतर तब्बल एक्केचाळीस वर्षांनी.

त्या काळात विक्री कशी चालायची याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायची पद्धत देशभरातल्या बाजारांत होती. शेतकरी बाजूला उभा, आपल्याच मालाचा भाव त्याला दिसत नाही. भाव ठरला की गाडी जिनिंगला. तिथे गाठोडं सोडलं की खरेदीदार म्हणणार, आतला माल वरच्यासारखा नाही, भाव कमी कर. आता अर्धी गाडी रिकामी झालेली, बैल थकलेले, गाव लांब. नाही म्हणणार कसं? कट्टी, हमाली, तोलाई, धर्मादाय असं काय काय वजा होऊन हातात येईल ते घ्यायचं. यातली काही नावं तुम्हाला आजही ओळखीची वाटली असतील तर तो योगायोग समजू नका.

बरं, मग कॉफी?

कॉफीची गोष्टही जवळपास त्याच वर्षांत सुरू होते. १८६० ला हॉलंडमध्ये 'माक्स हावेलार' नावाची कादंबरी आली. लेखक एडुआर्ड डाउवेस डेक्कर, टोपणनाव मुल्टाटुली. हा माणूस जावा बेटावर डच सरकारचा अधिकारी होता. तिथे शेतकऱ्यांवर सक्ती होती की अमुक जमिनीवर कॉफी, ऊस, नीळ लावायची आणि सरकारने ठरवलेल्या भावात सरकारला द्यायची. भात पिकवायला वेळ नाही, त्यामुळे उपासमार. डेक्करने आवाज उठवला, त्याचं कोणी ऐकलं नाही, त्याने राजीनामा दिला आणि पुस्तक लिहिलं. डच लोकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या सकाळच्या कपात काय काय आहे.

सव्वाशे वर्षांनी हेच नाव एका शिक्क्याला मिळालं. मेक्सिकोच्या वाहाका राज्यात, डोंगरात, आदिवासी शेतकरी कॉफी पिकवायचे. गावात येऊन माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याला ते 'कोयोते' म्हणत. कोयोते म्हणजे लांडग्या-कोल्ह्यांच्या कुळातला प्राणी. आपल्याकडे खेडा खरेदीवाल्याला इतकं स्पष्ट नाव अजून कोणी दिलेलं नाही. १९८० च्या दशकात या शेतकऱ्यांनी 'उसिरी' नावाची सहकारी संघटना काढली. त्यांच्यात राहणारा एक डच पाद्री होता, फ्रान्स व्हान डेर होफ. आणि हॉलंडमध्ये 'सॉलिडारिदाद' नावाची संस्था होती, तिथे निको रोझेन. यांनी मिळून १९८८ च्या नोव्हेंबरात 'माक्स हावेलार' शिक्का मारलेली कॉफी डच दुकानांत आणली. शेतकऱ्यांचं म्हणणं होतं की आम्हाला मदत नको, आमच्या मालाचा पुरता भाव द्या.

नाव लक्षात ठेवा: सॉलिडारिदाद. परत येणार आहे.

या शिक्क्यामागची युक्ती अगदी साधी आहे. एक, किमान भाव. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कॉफी कितीही पडली तरी या भावाच्या खाली खरेदी नाही. बाजार वर गेला तर बाजारभाव. दोन, दर पौंडामागे थोडी जादा रक्कम, जी शेतकऱ्यांच्या संघटनेकडे जाते आणि तिचं काय करायचं ते सभासद बैठकीत ठरवतात. तीन, सेंद्रिय असेल तर वेगळे पैसे. आजचे आकडे सांगतो. धुतलेल्या अरेबिकाला २०२३ पासून किमान भाव पौंडाला १.८० डॉलर, सेंद्रियचे ०.४० वर, संघटनेचे ०.२०. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. पण हा भाव बंदरावर, जहाजात माल चढवतानाचा आहे. त्यातून प्रक्रिया, वाहतूक, संघटनेचा खर्च निघाल्यावर उरतं ते शेतकऱ्याचं. पाकिटावर हे लिहिलेलं नसतं.

तळाला ही फळी लागतेच कशाला, असं कोणी विचारेल. तर १९६२ पासून जगात कॉफीचा एक आंतरराष्ट्रीय करार होता. कोणत्या देशाने किती निर्यात करायची याचा कोटा, म्हणजे भाव टिकून राही. जुलै १९८९ ला ही कोटा पद्धत मोडली. काही महिन्यांत भाव निम्म्यावर आले. आणि २००१ ला तर अरेबिका पौंडाला ४५ सेंटच्या आसपास घसरली. लोक तोडणीलाही महाग झाले, फळं झाडावरच राहिली. त्याच वेळी शिक्क्याच्या कॉफीला जादा रकमेसह १२६ सेंट मिळत होते. जवळजवळ तिप्पट. फेअर ट्रेडवर कितीही टीका करा, पण त्या वर्षी ज्या घरांत ते पैसे गेले त्यांना विचारा.

पेरू या गोष्टीत जोरात आला. तिथे कॉफी म्हणजे मोठे मळे नव्हेत. अँडीज पर्वताच्या पूर्व उतारावर दोन-तीन हेक्टरची कुटुंबाची शेती, सावलीच्या झाडाखाली. पुनो भागातल्या सांदिया खोऱ्यात केचुआ आणि आयमारा भाषा बोलणारे शेतकरी आहेत, त्यांच्या सहकारी संस्थांचा 'सेकोवासा' नावाचा संघ आहे. यातले बरेच जण आधीपासूनच सेंद्रिय होते, कारण खताला पैसेच नव्हते! आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. प्रमाणपत्राने त्या गरिबीलाच बाजारात किंमत आणून दिली. एकट्याला प्रमाणपत्राचा खर्च झेपत नाही, म्हणून गट करायचा, गटानेच एकमेकांच्या शेताची तपासणी करायची, नोंदी ठेवायच्या, मग बाहेरचा तपासनीस येणार. पेरू सेंद्रिय कॉफीच्या निर्यातीत जगात पुढच्या रांगेत जाऊन बसला.

सगळं गोड नव्हतं. २०१३ च्या सुमारास तांबेरा रोगाने झाडं उघडी केली. सेंद्रियवाल्यांच्या हातात औषधं कमी, त्यांचं नुकसान जास्त. जादा ३० सेंट त्या वर्षी कोणाच्या कामाचे? कॉफीच नव्हती.

आता परत घरी येऊ. तळाला फळी ठोकायचा प्रयोग महाराष्ट्राने स्वतः करून बघितलाय, तोही फेअर ट्रेडचा शिक्का येण्याआधी सोळा वर्षं. नाव: कापूस एकाधिकार खरेदी योजना. कायदा १९७१ चा, खरेदी १९७२ च्या हंगामापासून. घरात कोणी साठीच्या पुढचं असेल तर हा शब्द उच्चारून बघा, अर्धा तास तुम्हाला उठता येणार नाही.

योजना अशी: राज्यातला सगळा कापूस सरकारी यंत्रणाच घेणार. खाजगी व्यापाऱ्याला मनाई. शेतकऱ्याला आधी हमीभाव. मग यंत्रणा कापूस पिंजून, गाठी बांधून विकणार. नफा झाला तर त्यातला मोठा वाटा शेतकऱ्याला परत आणि एक हिस्सा भाव-चढउतार निधीत, म्हणजे वाईट वर्षी त्यातून हमीभाव भरून काढता येईल. कागदावर वाचा, अगदी त्या पाकिटावरच्या शिक्क्यासारखंच आहे. किमान भाव आहे, वर गेल्यास वाटा आहे, सामाईक निधी आहे. आणि कारंजातल्या त्या १८८६ च्या आदेशाच्या अगदी उलट: पहिल्यांदाच पिकवणारा डोळ्यांसमोर ठेवून नियम लिहिला.

सुरुवातीची काही वर्षं अनेकांना ती मोठा आधार वाटली. मग गाडी कुठे रुतली? माझ्या मते दोन ठिकाणी.

पहिली जागा सीमेवर. बाहेर भाव चढला की आपला कापूस रात्रीतून शेजारच्या राज्यांत जाई. बाहेर भाव पडला की तिकडचा कापूस आपल्या खरेदी केंद्रांवर येई. म्हणजे तेजीत यंत्रणेला माल नाही आणि मंदीत डोंगर. निधी साठणार कधी? दुसरी जागा राजकारणात. नव्वदच्या दशकात हमीभावावर आगाऊ जादा रक्कम जाहीर करायची सवय लागली. निधीत पैसे आहेत का, हे बघून नव्हे. तोटा हजारो कोटींवर गेला. शेतकऱ्यालाही जाच कमी नव्हता. ग्रेडर येईपर्यंत गाड्यांच्या रांगा, प्रतवारीवरून वाद, चुकाऱ्याला महिनोन्‌महिने उशीर. दिवाळी किंवा लग्न तोंडावर असलेला माणूस चोरून कमी भावात रोखीने विकून मोकळा व्हायचा. शेतकरी संघटनेने १९८० च्या दशकात कापसावर आंदोलनं केली. १९८६ ला आपल्या शेजारी, आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या सुरेगावला गोळीबारात तीन शेतकरी गेले. कारंजाच्या बाजाराला बरोबर शंभर वर्षं झाली होती. शरद जोशींचं म्हणणं होतं की ही बंधनंच नकोत, शेतकऱ्याला बाजार मोकळा द्या. २००२ ला खाजगी खरेदीला परवानगी मिळाली आणि एकाधिकार नावापुरता उरला.

तेजीत माल निसटतो, हा फक्त आपल्या योजनेचा रोग नाही. फेब्रुवारी २०२५ ला अरेबिकाचा भाव पौंडाला चार डॉलरच्या वर गेला. विक्रमी. अशा वर्षी किमान भावाच्या फळीचा काय उपयोग? कोयोते दारात रोख पैसे घेऊन उभा राहतो, सहकारी संस्था म्हणते माल दे, पैसे नंतर. सभासद कोणाला देईल? आणि संस्थेने आधीच परदेशी ग्राहकाशी सौदा केलेला असतो. वाशिम असो की पुनो, घरात पैशाची नड असली की माणूस सारखाच वागतो. फरक एवढा की तिकडे सक्ती नाही. सभासद गेला तर पोलीस येत नाहीत, आणि भाव पडला की तो परत येऊ शकतो.

आता ते नाव. २००४ ला सॉलिडारिदादच्याच पुढाकाराने 'चेतना ऑरगॅनिक' उभी राहिली. काम कुठे? विदर्भात, अकोल्याकडच्या पट्ट्यात, आणि आदिलाबाद, ओडिशात. पीक कापूस. म्हणजे जावाच्या कॉफीवरून नाव घेतलेली, मेक्सिकोच्या कॉफीवर शिकलेली कल्पना फिरून वऱ्हाडच्या काळ्या मातीत आली, १९९८ पर्यंत आपला वाशिम ज्या अकोला जिल्ह्याचा भाग होता तिथे. छोटे कोरडवाहू शेतकरी, गावोगाव गट, सेंद्रिय प्रमाणपत्र, फेअर ट्रेडची नोंदणी, पुढे शेतकऱ्यांची स्वतःची उत्पादक कंपनी. कपडे युरोप-अमेरिकेत जातात.

अडचणी आहेतच. २००२ ला बीटी कापसाला मंजुरी मिळाली आणि काही वर्षांत बिगर-बीटी बियाणं शोधणं हेच मोठं काम होऊन बसलं. सेंद्रियला बीटी चालत नाही. शेजारच्या शेतातून किंवा जिनिंगमध्ये मिसळण झाली की अख्ख्या लॉटचं प्रमाणपत्र धोक्यात. पुन्हा शुद्धतेचाच प्रश्न, १८६३ चाच! आणि जगभरच्या फेअर ट्रेड गटांचं एक दुखणं इथेही लागू आहे: माल सगळा प्रमाणित असतो, पण त्या अटींवर घेणारा ग्राहक सगळ्या मालाला मिळत नाही. उरलेला साध्या बाजारात, साध्या भावात.

२०१८ ला राज्याने डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन सुरू केलं, त्या सहा जिल्ह्यांत वाशिम आहे. गट करायचे, नोंदी ठेवायच्या, पेरूसारखंच. पण आपल्या जिल्ह्यात आता कापूस मागे पडलाय, रान सगळं सोयाबीनचं. आणि सोयाबीनमध्ये दक्षिण अमेरिका आपली सोबती नाही. ब्राझील आणि अर्जेंटिनात पीक दांडगं आलं की आपल्या ढिगाचा भाव हलतो. २०२५ च्या हंगामाला सरकारचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. तुमच्या घरच्या मालाला किती मिळाला ते कमेंटमध्ये लिहा. पावती असेल तर बघून लिहा, आणि वजावटी काय काय झाल्या तेही.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, लुबाडून नाही तर मग काय, घासाघीस करून आणतात म्हण. मग तिने विचारलं की पेरूच्या बाईला या पाकिटामागे किती सुटले असतील. मी हिशोब करायला बसलो. डॉलर, पौंड, बंदरावरचा भाव. संघटनेचा खर्च किती धरायचा तिथे अडकलो. कॉफी तोवर संपली होती. पाकिटाला चांगली चेन होती, त्यात आता ओवा भरलाय.

पुढच्या भागात शकुंतला. मूर्तिजापूर-यवतमाळ, कारंजावरून जाणारी छोटी लाइन. कापूस नेण्यासाठीच टाकलेली, आणि तिचं वाफेचं इंजिन आलं होतं, ओळखा कुठून? मँचेस्टरहून. भेटू.